भिंतीवरचं पान

नेमणूकपत्रावर माझा हुद्दा ‘मराठी टंकलेखिका’ असा होता आणि मी कारखाना सोडेपर्यंत तो कुणी बदलला नाही. पण मी खरं काय काम करत होते हे कुणी विचारलं, तर सांगायला मला अजून दोन-तीन वाक्यं लागतात. एकानं यंत्र किंवा प्रोग्रॅम तयार करायचा, दुसऱ्यानं तो चालवायचा, आणि तो कसा चालवायचा हे त्या दुसऱ्याला समजेल अशा भाषेत मी कागदावर उतरवायचं. हल्ली या कामाचं रीतसर शिक्षण मिळतं म्हणे. माझी भाची पुण्यात हेच काम करते. तिच्या कॉम्प्युटरवर एक शब्द बदलला की तो सगळीकडे बदलतो. मी तिला विचारलं, “मग जुनं पान कुठं जातं?” ती म्हणाली, “मावशी, ते राहतच नाही.” मला तिचा हेवा वाटला. आमच्याकडे जुनं पान राहायचं. त्याचीच ही हकिकत आहे.

माझे वडील भिवपुरीच्या पॉवरहाऊसमध्ये हेल्पर होते. बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यानंतर आमच्या घरात अंगठा बंद झाला आणि सही सुरू झाली. वडील स्वतः मोठेपणी वाचायला शिकले, म्हणून दिसेल ती पाटी मोठ्यानं वाचायचे. मी मॅट्रिक झाले, कर्जतला दोन्ही भाषांचं टायपिंग शिकले आणि रसायनीच्या एका कारखान्यात चिकटले. कारखान्याचं नाव सांगत नाही, सांगण्याची गरजही नाही. कर्जत स्टेशनजवळून कंपनीची बस सुटायची, चौक गावावरून जायची. नदी जवळ आली की आधी वास यायचा आणि मग कारखान्यांची धुराडी दिसायची.

पहिली काही वर्षं मी सूचना टाइप करत असे. कुठला व्हॉल्व्ह आधी उघडायचा, तापमान कुठं आणून थांबवायचं, हातमोजे कधी घालायचे. एकदा दशांश चिन्ह माझ्याकडून सुटलं आणि पाचाचे पन्नास झाले. केमिस्टच्या नजरेला आलं म्हणून निभावलं. त्यानं हसण्यावारी नेलं, पण मी त्या दिवशी जेवले नाही. तेव्हापासून मला एक सवय लागली. टाइप केलेला प्रत्येक आकडा मूळ कागदाशी उलटा, म्हणजे शेवटाकडून सुरुवातीकडे, ताडून बघायचा. बसमध्ये बसल्यावर वाटायचं की अमुक ओळ तपासली का? मग दुसऱ्या दिवशी पहिलं काम तेच. ऑफिसात माझी थट्टा व्हायची.

तऱ्हेवाईक माणसंही कमी नव्हती. एक अधिकारी होते, त्यांना प्रत्येक वाक्याच्या सुरुवातीला ‘कृपया’ लागायचं. ‘कृपया गॅस सुटल्यास वाऱ्याच्या उलट दिशेस धावावे.’ मी त्यांना म्हटलं, “साहेब, धावणारा माणूस पहिला शब्द वाचेल आणि थांबेल.” ते म्हणाले, सभ्यता सोडून चालत नाही. ती पाटी बरीच वर्षं गेटजवळ होती.

मग आमच्याकडे कॉम्प्युटर आला. ऐंशीनंतरची गोष्ट. प्रशासनाच्या इमारतीत त्याची थंड खोली झाली, चपला बाहेर काढून आत जायचं. तिथून एक वायर प्लँटमध्ये गेली आणि तिथल्या छोट्या ऑफिसात एक पडदा आणि कळा असलेलं टर्मिनल बसलं. प्रोग्रॅम लिहिणारे सबनीस मुंबईचे. हुशार, घाईचे, आणि मनानं चांगले. त्यांचा प्रोग्रॅम एका भांड्यासाठी ॲसिडचा हिशोब करायचा. त्या भांड्यात गाळून आलेला ओला लगदा पडायचा, त्याला केक म्हणत. केकमध्ये कधी पाणी जास्त, कधी कमी. सुका माल किती त्यावर ॲसिड किती ते ठरायचं. पूर्वी केमिस्ट कागदावर काढायचा, आता ऑपरेटरनं टर्मिनलवर तीन आकडे द्यायचे आणि पडद्यावर येईल तेवढं ॲसिड सोडायचं. पण पडद्यावर काय मागितलंय हे लिहून येत नसे. हिरव्या अक्षरांत नुसतं एक, दोन, तीन आणि पुढे प्रश्नचिन्ह. तीन नंबरला काय द्यायचं हे कागदावर बघायचं.

तो कागद सबनीसांनी इंग्रजीत लिहिला. मला सांगितलं, मराठी करा. मी मन लावून केलं. कोश काढून बसले, ‘निविष्टी’, ‘कळफलक’, ‘आर्द्रता’ असले शब्द शोधून काढले, आणि प्लँटमध्ये नेऊन दाखवलं. तिथे पहिल्या पाळीला काशिनाथ भोईर ऑपरेटर होते. चौकजवळच्या गावातले, घरची भातशेती, वयानं माझ्यापेक्षा मोठे. शाळा चौथीत सुटलेली, पण कारखान्यात लागल्यावर प्रौढ वर्गात जाऊन पुन्हा वाचायला शिकलेले. त्यांनी पान हातात घेतलं, बोट ठेवून सगळं वाचलं आणि शांतपणे म्हणाले, “बाई, हे आमी वाचायचं हाय का नुसतं लावून ठेवायचं?”

मला लाज वाटली. मी स्टूल ओढून त्यांच्याशेजारी बसले आणि म्हटलं, तुम्ही काय करता ते करत जा, मी बघते. आठ दिवस रोज तासभर बसले. ‘आर्द्रता’ गेली, ‘केकातलं पाणी’ आलं. ‘निविष्टी’ गेली, ‘तीन नंबरला हा आकडा दाबा’ असं आलं. एका ओळीत एकच काम. ते पान काशिनाथभाऊंनी न अडखळता वाचलं आणि टर्मिनलच्या वर भिंतीला चिकटवलं. सबनीसांनी त्या पानाकडे बघून म्हटलं, “जाधवबाई, इंग्रजी पण असंच करायला हवं.” नोकरीत मला मिळालेली ही सगळ्यात मोठी शाबासकी. त्या पानाचा मला गर्व झाला होता, हे कबूल करते.

अडचण होती ती साधनांची. इंग्रजी पान कॉम्प्युटरच्या पोटात असायचं. प्रत्येक ओळीला नंबर. चाळीस नंबरची ओळ बदलायची तर तेवढीच पुन्हा टाइप करायची, प्रिंटर करकरत नवं पान काढायचा. पाच मिनिटांचं काम. पण त्या यंत्राला देवनागरी येत नव्हती. मराठी पानासाठी मला मेणकागदाचं स्टेन्सिल टाइपरायटरवर चढवायला लागायचं, अक्षर चुकलं तर वरून पातळ लाल करेक्शन लावून वाळेपर्यंत फुंकर घालायची, आणि मग सायक्लोस्टाइलवर प्रती काढायच्या. एक शब्द बदलला तरी सगळं पान नव्यानं. इंग्रजी पुढे पळायचं आणि मराठी त्याच्या मागून धापा टाकत यायचं. आणि इंग्रजी पान प्लँटमध्ये कुणीच वाचत नव्हतं.

पावसाळा संपता संपता सबनीसांनी प्रोग्रॅम बदलला. लॅबच्या चिठ्ठीवर केकातलं पाणी आणि सुका माल, दोन्ही आकडे येत. आतापर्यंत तीन नंबरला पाण्याचा आकडा द्यायचा होता, आता सुक्या मालाचा द्यायचा, म्हणजे हिशोब अचूक येईल. त्यांनी इंग्रजी ओळ बदलली आणि मला चिठ्ठी लिहून दिली. चिठ्ठीवर लिहिलं होतं, शनिवारपासून चालू. मी ती वाचली, स्टेन्सिलही टाइप केलं. पण त्याच पानात आणखी दोन बदल येणार असं सबनीस बोलले होते आणि माझे वरिष्ठ पाटणकरसाहेब स्टेन्सिलं जपून वापरा म्हणून मागे लागले होते. मी विचार केला, दोन दिवसांनी तिन्ही बदल एकदम छापू. स्टेन्सिल ड्रॉवरमध्ये ठेवलं. आयुष्यभर एकेका दशांशासाठी जीव टाकणाऱ्या मला तेव्हा ते अगदी शहाणपणाचं वाटलं.

सोमवारी सकाळी अकराच्या सुमाराला भोंगा झाला. खिडकीतून बघितलं तर त्या प्लँटच्या छपरातून तपकिरी धूर निघत होता आणि माणसं बाहेर पळत होती. पाटणकरसाहेब फोनकडे धावले. मी जागची हलले नाही. काय झालं हे कुणी सांगायच्या आधीच मला कळलं होतं. पाणी साठ, सुका चाळीस. चाळीसच्या जागी साठ दिले की ॲसिड दीडपट. शनिवारी-रविवारी केकात पाणी आणि सुका माल जवळजवळ निम्मे-निम्मे होते, म्हणून तेव्हा निभावलं होतं.

भांडं फेसाळून वर आलं होतं. कुणी दगावलं नाही, हे आधी सांगून टाकते. काशिनाथभाऊंनी धुरात परत जाऊन ॲसिडचा व्हॉल्व्ह बंद केला, त्यात त्यांचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला. त्यांच्याबरोबरच्या मदतनीसाच्या छातीत धूर गेला, त्याला पनवेलला हलवलं. दोन दिवस तो धड श्वास घेत नव्हता.

त्या दुपारी मी जे केलं ते मला आजही नीट समजावून सांगता येत नाही. मी स्टेन्सिल काढलं, सायक्लोस्टाइलवर चढवलं, प्रती काढल्या आणि ओल्या शाईची पानं घेऊन प्लँटमध्ये गेले. तिथे पाण्याचे पाइप चालू होते. मी भिंतीवरचं जुनं पान काढलं, नवं लावलं. डोक्यात एकच होतं, दुसऱ्या पाळीचा माणूस तीन वाजता येईल आणि पुन्हा तेच करेल. ते पान बदलायलाच हवं होतं, यात शंका नाही. पण जुनं पान मी घडी करून पर्समध्ये ठेवलं आणि कुणाला काही सांगितलं नाही.

काशिनाथभाऊंना मेमो मिळाला. लेखी सूचनेकडे दुर्लक्ष करून चुकीचा आकडा दिला, असा. चौकशी बसली. त्यांनी सांगितलं, पानावर लिहिलं होतं तेच केलं. चौकशी अधिकाऱ्यांनी भिंतीवरचं पान मागवलं. त्यावर स्वच्छ लिहिलेलं होतं, तीन नंबरला सुक्या मालाचा आकडा दाबा. इंग्रजी पानावरही तेच. काशिनाथभाऊ त्या पानाकडे बघतच राहिले, असं युनियनच्या माणसानं कँटीनमध्ये सांगितलं. मी हातातला कप तसाच ठेवून उठले.

पाटणकरसाहेबांना मी खोलीत जाऊन सगळं सांगितलं. त्यांनी दार लोटलं. वाईट माणूस नव्हते. ते म्हणाले, “मराठी पान हा कंपनीच्या दृष्टीनं कागदच नाही. कुणाची सही नाही त्यावर. तुम्ही बोललात तर तुमच्यावर येईल, माझ्यावर येईल, आणि त्याचा हात काही बरा होणार नाही. त्याला फार तर समज देतील.” वडील तेव्हा निवृत्त झाले होते, घरात माझाच पगार. मी मान हलवून बाहेर आले. त्यानंतरही तीन दिवस ते पान माझ्या पर्समध्येच होतं. बसमध्ये पर्स मांडीवर घट्ट धरून बसायचे. आई विचारायची, अंगात कसकस आहे का. मी हो म्हणायचे. जाळून टाकावं असं एकदा मनात आलं, तेही लिहून ठेवते.

चौथ्या दिवशी संध्याकाळी परतताना चौक फाट्यावर बस थांबली आणि खिडकीखाली काशिनाथभाऊ दिसले. हाताला कोपरापर्यंत पट्टी, गळ्यात फडक्याची झोळी. ते माझीच वाट बघत उभे होते. मी खाली उतरले. मला वाटलं, आता हे विचारणार की पान कुणी बदललं. काय उत्तर द्यायचं ते मी उतरता उतरता जुळवत होते.

ते म्हणाले, “बाई, तुमाला एक इचारायचं होतं. माझं वाचायला चुकलं का?”

माझा हात पर्सकडे गेला.

“मला पाणी दिसलं होतं तिथं. पण साहेबांनी पान दावलं तर सुका. दोन अक्षरं मला येगळी दिसतात म्हंजे डोकं जागेवर नाय. तसं आसंल तर मी त्या मशीनवर बसणार नाय. कुनाचा जीव जाईल. तेवढं मला खरं सांगा.”

मेमोबद्दल एक शब्द नाही, माझ्याबद्दल नाही. इतक्या वर्षांनी कमावलेलं वाचन खोटं ठरलं की काय, याची त्या माणसाला भीती होती. मी फाट्यावरच पर्स उघडली आणि पान त्यांच्या चांगल्या हातात दिलं. त्यांनी ते उजेडाकडे धरून बोट न ठेवता वाचलं. “पाणीच हाय,” ते म्हणाले. मग घडी करून परत माझ्याकडे दिलं आणि म्हणाले, “तुमची बस जाईल, बाई.” बस गेलेलीच होती. मी टेंपोनं कर्जतला आले.

दुसऱ्या दिवशी मी चौकशीच्या खोलीत न बोलावता गेले आणि पान टेबलावर ठेवलं. फॅक्टरी मॅनेजर, पाटणकरसाहेब, युनियनचे प्रतिनिधी, सगळे होते. मी सांगितलं की बदलाची चिठ्ठी मला वेळेत मिळाली होती, शनिवारच्या आत पान लावायचं काम माझं होतं, मी ते दोन दिवस अडवलं, आणि अपघातानंतर पान बदलून जुनं लपवलं. मी इतकं भरभर बोलले की मॅनेजरनी पुन्हा सांगायला लावलं, म्हणून सगळं दोनदा बोलावं लागलं. सबनीसांनाही बोलावलं. ते म्हणाले, “मराठी पान लागलंय का हे न बघता मी प्रोग्रॅम चालू केला. चूक माझी अगोदरची आहे.” पाटणकरसाहेब खाली बघत होते. शेवटी ते म्हणाले की स्टेन्सिलांच्या काटकसरीचं आपणच सांगितलं होतं.

मेमो मागे घेतला गेला. मला लेखी ताकीद मिळाली, ती मी अजून जपून ठेवली आहे. मदतनीस महिन्याभरानं कामावर आला. आणि त्याच बैठकीत ठरलं की मराठी पान हाच खरा कागद. त्यावर प्लँट मॅनेजर, केमिस्ट आणि सबनीस, तिघांची सही झाल्याशिवाय प्रोग्रॅममध्ये बदल चालू करायचा नाही.

मी आणि सबनीसांनी मिळून आणखी एक गोष्ट केली. पानाच्या कोपऱ्यात आम्ही नंबर घातला. टर्मिनल सुरू करताना तो नंबर दाबायचा. भिंतीवर जुनं पान असेल तर नंबर जुळणार नाही आणि प्रोग्रॅम पुढे जाणार नाही. आम्हाला वाटलं, जग जिंकलं. पंधरा दिवसांनी जाऊन बघते तर कुणीतरी तो नंबर खडूनं टर्मिनलच्या अंगावरच लिहून ठेवलेला. पानाकडे बघायची गरजच नाही. सबनीस चिडले. मला मात्र हसू आलं. मग आम्ही नंबर कोपऱ्यातून काढून बदललेल्या ओळीच्या मधोमध घातला, दर बदलाला नवा नंबर नव्या ओळीत. तो शोधायचा तर ती ओळ वाचावीच लागे. हा उपाय पुष्कळ दिवस टिकला.

पण काशिनाथभाऊ पुन्हा टर्मिनलवर बसले नाहीत. निर्दोष ठरले, मॅनेजरनी स्वतः सांगितलं, तरी त्यांनी अर्ज करून ड्रम भरायचं काम मागून घेतलं. मी दोनदा विनवलं. ते म्हणाले, “माझा राग नाय तुमच्यावर. पण आता आकडा दाबताना हात थांबतो माझा.” चांगला ऑपरेटर कारखान्यानं गमावला तो माझ्या ड्रॉवरमुळे. ताकीदपत्रात हे कुठं लिहिलेलं नाही.

मी त्यांना सोडलं मात्र नाही. नवं पान झालं की कँटीनमध्ये त्यांच्यासमोर बसून वाचून दाखवायचे. पान ते हातात घेत नसत. “तुमी वाचा, मी आयकतो,” म्हणायचे आणि चहा पीत ऐकायचे. कुठं मान हलली नाही तर ते वाक्य मी बदलायचे. असं दोन वर्षं चाललं.

मग दुसऱ्या एका भांड्यासाठी प्रोग्रॅम आला. पान लांबलचक होतं, तिघांच्या सह्या झालेल्या, प्रती काढायच्या तेवढ्या बाकी. मी नेहमीसारखी वाचत होते. ॲसिडाच्या ओळीवर आले तशी काशिनाथभाऊंनी कप खाली ठेवला आणि हात पुढे केला. मी पान दिलं. त्यांनी ती जागा वाचली, पुन्हा वरून वाचत आले.

“हितं ॲसिड आधी घेतलंय आन त्यात पाणी सोडायला सांगितलंय. उलटं झालंय, बाई.”

मी बघितलं. दोन ओळींची अदलाबदल झाली होती. इंग्रजी पानात सबनीसांनी ओळींचे नंबर बदलताना ती झाली असणार आणि मी तशीच मराठीत उतरवली. ॲसिडात पाणी ओतलं की ते उसळून अंगावर येतं, हे कारखान्यातल्या झाडूवाल्यालाही माहीत होतं. आम्ही चौघांनी ते पान वाचून पास केलं होतं. मी उलटं-सुलटं ताडून बघितलं होतं, पण मूळ कागदाशी, आणि मूळ कागदच चुकलेला.

“सह्या झाल्यात ना यावर?” त्यांनी विचारलं.

“झाल्यात.”

“मग?”

मी पर्समधून पेन्सिल काढून त्यांच्यापुढे ठेवली आणि म्हटलं, “तुम्ही लिहा.”

त्यांनी बराच वेळ पेन्सिल उचलली नाही. मग भाजलेल्या हातानं, तिन्ही सह्यांच्या खाली, मोठ्या सुट्या अक्षरांत लिहिलं, ‘हे पान लावू नये’, आणि खाली आपलं पूर्ण नाव. मी ते तसंच नेऊन सबनीसांच्या टेबलावर ठेवलं. त्यांनी वाचलं, लिहिणाऱ्याला हा अधिकार कुणी दिला हे विचारलं नाही, आणि ओळी सुधारायला उठून कॉम्प्युटरच्या खोलीकडे गेले.